चतुर्दशीला सागरेश्वरात

सहलीला सागरेश्वरलाच जायचं हे आमच्या घरात एकमताने ठरलं, कारण मत फक्त मला होतं. नवऱ्याला, म्हणजे अभिनंदनला, दुपारी आडवं व्हायला सावली मिळाली की कुठलंही गाव चालतं. आमच्या सहा वर्षांच्या स्वराला जिथे वाघ असेल तिथे जायचं होतं. सागरेश्वरला वाघ नाही, ही बातमी मी तिथे पोचेपर्यंत फोडली नाही.

माझा हेतू वेगळा होता. माझे वडील, आबा, फलटणजवळच्या गावात असतात. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, आता ऊस बघतात आणि गावाला शिस्त लावायचा प्रयत्न करतात. सासूबाई सांगलीकडच्या, जैन शेतकरी घरातल्या. त्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात. आम्ही राहतो कराडला, दोन्हीच्या अधेमधे. आमच्या लग्नात आबा मांडवात कुणाला तरी म्हणून गेले, की मटणाचा वाससुद्धा नसलेल्या घरात माझी पोरगी वाळून जाईल. अव्वा नेमक्या मागेच उभ्या होत्या. त्या भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत, मानपानात काही कमी केलं नाही. फक्त त्या दिवसापासून आबांशी सरळ एक शब्द बोलल्या नाहीत.

तसं येणं-जाणं चालू असतं. चहा होतो, फराळ होतो, टोपी-टॉवेल होतो. पण बोलणं सगळं तिसऱ्याच्या तोंडून. आधी ते काम माझ्याकडे होतं, स्वराला बोलता यायला लागल्यावर तिच्याकडे गेलं. "स्वरा, तुझ्या आजोबांना विचार, चहात साखर किती." आजोबा हातभर अंतरावर पाटावर बसलेले. मग आबाही भिंतीकडे बघत म्हणणार, "सांग गं, दोन चमचे." मी काही वाळले नाही. लग्नातले ब्लाऊज केव्हाच उसवून झालेत, हे दोघांनाही दिसतं. तरी यांचं आपलं चालूच.

म्हणून मी ठरवलं, यांना एक अख्खा दिवस असल्या जागी न्यायचं की जिथे ना आमची चूल ना त्यांची. रानात माणूस किती वेळ गप्प राहील? आईलाही आणायचं होतं, पण म्हैस व्यायला झाली होती आणि म्हशीपुढे लेकीची काय किंमत. आबा पहाटेच्या एसटीने कराडला आले, हातात एवढी मोठी पिशवी. अव्वा रेल्वेने ताकारीला उतरल्या, त्यांच्याही हातात तेवढीच पिशवी. गाडीत अव्वा पुढे, आबा मागे, वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत आम्ही देवराष्ट्र्याच्या बाजूला वळलो.

रानात

ज्यांनी सागरेश्वर पाहिलेलं नाही त्यांना सांगते, मोठ्या जंगलाच्या अपेक्षेने जाऊ नका. हे माणसांनी लावून, जपून वाढवलेलं रान आहे. जुनी माणसं सांगतात, की इथे एकेकाळी उघडेबोडके माळ होते, बसायला सावली नव्हती. आता टेकड्यांच्या घड्यांतून झाडी दाटली आहे, आणि खाली देवळांचं एक गावच वसलं आहे. थंडीतली सकाळ होती. वाळलेलं गवत पिवळंधमक झालं होतं आणि त्याला भाजक्या पिठासारखा वास येत होता. कराडच्या फ्लॅटमध्ये राहून मी तो वास विसरले होते. छातीभर घेतला.

आत शिरताच आबांनी सूत्रं हातात घेतली. एकामागे एक चालायचं, बोलायचं नाही, हात वर केला की थांबायचं. स्वराने वाघ कुठे म्हणून विचारलं, तेव्हा मी नाइलाजाने खरं सांगितलं. ती रडायच्या बेतात होती, पण आबांनी तिला आघाडीची टेहळणी दिली आणि ती वाघ विसरली. अव्वांचा गुडघा दुखत होता. त्या एका झाडाखालच्या दगडावर बसल्या आणि तुम्ही जाऊन या म्हणाल्या. ऐकायला फक्त मी होते, तरी निरोप आबांनाच होता हे उघड होतं.

आम्ही आबांच्या मागे पाणवठ्यापर्यंत गेलो. आबांनी पायाचे ठसे दाखवले, लेंड्या दाखवल्या, वारा कुठून येतो ते थुंकी लावलेलं बोट वर धरून सांगितलं. फक्त हरीण तेवढं दाखवता आलं नाही. त्यांचे फौजी बूट वाळक्या पाल्यावर असे वाजत होते की हरणंच काय, रानातले मुंगळेही घरात बसले असावेत. अभिनंदन माझ्या कानात म्हणाला, की आबा शत्रूला आधी कळवून मगच हल्ला करत असणार. मी त्याला चिमटा काढला.

हात हलवत परतलो तर अव्वा दगडावर तशाच बसलेल्या, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि त्यांच्यासमोर चितळांचा अख्खा कळप चरत होता. पाठीवरचे ठिपके मोजता येतील इतक्या जवळ. एक पाडस तर त्यांच्या पिशवीकडे मान लांबवून बघत होतं. अव्वांनी आमच्याकडे मान वळवली नाही. ओठसुद्धा जेमतेम हलवले.

"स्वरा, तुझ्या आजोबांना सांग, बूट काढा म्हणावं."

आणि सुभेदारसाहेबांनी बूट काढले. नुसत्या मोज्यांवर ते उकिडवे बसले, स्वरा त्यांच्या मांडीला चिकटून, आणि आम्ही सगळे कितीतरी वेळ श्वास धरून ते बघत राहिलो. उन्हात त्या जनावरांचे कान आतून गुलाबी दिसत होते. कळप सरकत सरकत झाडीत गेला तेव्हा आबा पुटपुटले, की बसून शिकार करणारी बाई पहिल्यांदा बघितली. अव्वांच्या चेहऱ्यावर हसू आलं ते त्यांनी पदराने पुसलं. मी मनात म्हटलं, जमतंय.

देवळांत आणि जेवणाच्या सतरंजीवर

देवळांपाशी आलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. काळ्या दगडाची, ठेंगणी, एकमेकांना खेटून उभी असलेली देवळं. चालुक्यांच्या वेळची म्हणतात. आत पाऊल टाकलं की तळव्यांना गारवा लागतो आणि आपोआप आवाज खाली येतो. आमच्याकडे, फलटणला, देवळं रंगीबेरंगी आणि घंटांनी गजबजलेली असतात. इथे महादेव अंधारात आपला निवांत बसलेला, कुणी आलं काय, न आलं काय. अव्वांनी प्रत्येक उंबऱ्याशी हात जोडले. स्वराने विचारलं, हा तर आपल्या बस्तीतला, जैन मंदिरातला, देव नाही. अव्वा म्हणाल्या, देव कुणाचाही असो, दार उघडं दिसलं की हात जोडायचे, त्यात आपलं काय जातं.

माकडं फार म्हणून आबा पिशव्यांपाशी थांबले होते. सावकाश बघून या, घाई करू नका, असं त्यांनी बजावून सांगितलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

परत आलो तर झाडाखाली सतरंजी अंथरलेली, एकही चुणी नाही. ताटं रांगेत, पेले ताटांच्या उजव्या अंगाला. मधोमध एक मोठं पातेलं, आणि आबा हातात पळी घेऊन उभे. चेहरा असा खुलला होता की लग्नातही तसा नव्हता.

"लंगर हाय आज," ते म्हणाले. "पलटणीत ह्याचं त्याचं न्हाई चालत. एकच भांडं, सगळ्यांनी त्यातनंच खायाचं."

अव्वांच्या पिशवीतली मुगाची उसळ, दुध्याची भाजी, भात, आणि आमच्या आईने दिलेला बटाट्याचा झणझणीत रस्सा, सगळं त्यांनी त्या पातेल्यात एकत्र केलं होतं. वरून मूठभर कांदा चिरून पेरलेला. अव्वांच्या कागदासारख्या पातळ भाकऱ्या आणि आईच्या जाडजूड भाकऱ्या एकावर एक रचून त्यांना लसणाची चटणी सारवलेली. आणि मटण आणलं नाही, लई मनात होतं पण आणलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मला एका क्षणात कळलं की हा त्यांचा माफीनामा आहे. तोंडाने जे जमलं नव्हतं ते ते पळीने करत होते. आणि दुसऱ्या क्षणी कळलं की घात झाला. सासरी एरवी कांदा-बटाटा सगळं चालतं, आबांनी स्वतः तिथे कांदाभजी खाल्ली होती. त्यांना कसं कळावं? तारीख मी ठरवली होती, रविवार बघितला होता. तिथी बघितली नव्हती.

अव्वा सतरंजीच्या कडेला टेकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की पोट भरल्यासारखं वाटतंय, तुम्ही सगळे बसा.

"आज चतुर्दशी आहे," स्वराने सगळं सांगून टाकलं. "अव्वा आज बटाटा खात नाही. कांदा पण नाही, लसूण पण नाही. आणि एकदाच जेवते. पाणीपण तेव्हाच पिते."

हे खरं होतं. त्याला एकाशन म्हणतात. दिवसात एकदाच, एका बैठकीत, सूर्य मावळायच्या आत जेवायचं. मावळला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. म्हणजे ही बाई सकाळपासून तहानलेली आमच्याबरोबर रान हिंडत होती आणि तिचा सगळा डबा आता त्या पातेल्यात होता.

आबांनी पळी पातेल्यात ठेवली. टोपी घातली. खांद्यावर नवाकोरा पांढरा पंचा टाकला आणि कुणाकडे न बघता रस्त्याकडे चालायला लागले. मी हाका मारल्या. त्यांचा फोन पिशवीतच वाजला.

मला रडू आलं, सांगायला लाज कसली. वाटलं, आता हे सरळ एसटी धरून फलटण गाठणार आणि पुढच्या सणाला दोन घरांमध्ये चहाचाही निरोप राहणार नाही. अभिनंदन गाडीतली केळी घेऊन आला आणि निदान एवढं तरी खा म्हणून आईच्या मागे लागला. अव्वांनी केळी बाजूला सारली.

"पाव्हणं उपाशी गेल्यात ओ," त्या म्हणाल्या. "आणि मी हितं केळं सोलत बसू?"

टेकडीवर

दुपार कशी गेली ते विचारू नका. स्वराला आम्ही जेवू घातलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. अभिनंदन गाडी घेऊन दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आला. आबा कुठेच नव्हते. देवळांची जागा टेकड्यांच्या कुशीत आहे, त्यामुळे तिथे ऊन लवकर निघून जातं. बघता बघता पश्चिमेच्या टेकडीने सूर्य गिळला आणि अंगणात सावली पसरली. अव्वांनी एकवार तिकडे पाहिलं आणि हात जोडले. दिवस संपल्याचा तो नमस्कार होता.

तेवढ्यात स्वरा ओरडली. आबा येत होते. एका हातात कापडाने झाकलेली बुट्टी, दुसऱ्या हातात तांब्या, सांडू नये म्हणून पावलं मोजून टाकत. पायांवर गुडघ्यापर्यंत शेतातली माती.

ते गावात घरोघर फिरले होते. रविवार असला तरी ऊसतोडीचे दिवस, घरं रिकामी. शेवटी एका वस्तीवर एक बाई शेतातून घरी येऊन चूल पेटवायला तयार झाली. आबांनी तिच्याकडून भांडी पुन्हा घासून घेतली, मुगाची आमटी समोर बसून करवून घेतली, लसणाची टोपली आधी दाराबाहेर ठेवायला लावली. त्या बाईने विचारलं म्हणे, तुमच्या देवाचं सोवळं आहे का. आबा म्हणाले, देवाचं नाही, विहीणबाईंचं.

हे सगळं ते मला सांगत होते. अव्वा ऐकत होत्या. मग त्या स्वराकडे वळल्या, तोंड उघडलं, आणि स्वराला काही न सांगता सरळ आबांकडे बघितलं.

"पाणी गाळलं हाय का?"

"दोनदा," आबा म्हणाले. "पंचा नवा हाय."

मी आणि अभिनंदनने एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत या दोन माणसांचं झालेलं हे पहिलं संभाषण, आणि ते पाण्याबद्दल. पण अव्वांनी बुट्टीला हात लावला नाही. त्या समोरच्या टेकडीकडे बोट करून म्हणाल्या, "पर आता काय उपयोग ओ. सूर्य गेला की."

अभिनंदनने फोन काढून सूर्यास्ताची वेळ दाखवली. अजून अवकाश होता. अव्वांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. डोळ्याला दिसत नाही तो सूर्य मी कसा धरू, असं त्यांचं म्हणणं. व्रत डोळ्यांनी घेतलेलं होतं, फोनने नव्हे.

आबा टेकडीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी बुट्टी माझ्या हातात दिली.

"आवं विहीणबाई, सूर्य गेला न्हाई. त्यो टेकडीच्या मागं दडलाय. आपुण वर गेलो की सापडतोय. व्हय का न्हाई?"

देवळांच्या मागून, रानाच्या कुंपणाबाहेरून, गुराख्यांची एक पायवाट त्या टेकडीवर चढते. अव्वा ती वाट आणि आपला गुडघा यांचा हिशेब करत होत्या. मी म्हणणार होते की राहू दे, एक दिवसाचा उपास. पण त्याआधीच त्यांनी पदर खोचला.

ती चढण मी जन्मात विसरणार नाही. पुढे आबा, काठीने काट्या बाजूला सारत. त्यांच्यामागे अव्वा, त्या काठीचं दुसरं टोक धरून. मागून अभिनंदन आईला आधार देत, दुसऱ्या हातात पातेलं, खांद्याला ताटं, पळी आणि भाकऱ्यांची पिशवी, कारण माकडांच्या हवाली काही करायचं नाही असा आबांचा हुकूम होता. मी बुट्टी आणि तांब्या सांभाळत. स्वरा सगळ्यांच्या आजूबाजूने पळत लेफ्ट-राईट, लेफ्ट-राईट ओरडत. मधे अव्वा थांबल्या, धापा टाकत म्हणाल्या की माझ्याच्यानं होत नाही. आबांनी मागे न बघता सांगितलं की शेवटची चढण आहे. ती शेवटची नव्हती. त्याच्या पुढचीही नव्हती. फौजेत असंच सांगतात म्हणे, नाहीतर कुणी वर पोचत नाही. अव्वांना हसू आलं, आणि हसताना चढता येत नाही म्हणून त्या आबांना रागावल्या. सरळ, तोंडावर.

आणि माथ्यावर पाऊल टाकलं तर काय सांगू. पश्चिमेला कृष्णेचं अख्खं खोरं उघडं पडलं होतं. जिथवर नजर जाईल तिथवर ऊस, मधून चकाकणारी नदी, कुठे गुऱ्हाळाचा धूर, कुठे कारखान्याची चिमणी. आणि त्या सगळ्याच्या वर, चांगला हातभर, सूर्य. तांबूस, गरगरीत, आमचीच वाट बघत थांबल्यासारखा. खालच्या सावलीतून येऊन एकदम ते ऊन तोंडावर आलं आणि मला पुन्हा रडू आलं. मला त्या दिवशी ऊठसूट रडू येत होतं.

अव्वा एका सपाट दगडावर सूर्याकडे तोंड करून बसल्या. आधी पाणी प्यायल्या, सकाळपासूनचं पहिलं, आणि डोळे मिटले. मग भाकरी मोडली. वस्तीवरच्या त्या बाईने तूप-गूळही दिला होता. आबा बाजूला उभे राहिले, हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामधे बोटं आडवी धरली. फौजी माणसं असा वेळ मोजतात.

"चार बोटं हाय अजून. सावकाश होऊ द्या."

थोड्या वेळाने, "तीन. आमटी घ्या की."

अव्वा घाईने खात नव्हत्या. आमटीत मीठ जरा कमी आहे म्हणाल्या, आबांनी ते अपराध्यासारखं ऐकून घेतलं. लसणाच्या नादात मिठाकडं लक्ष राहिलं नाही, म्हणाले. स्वरा आजोबांच्या शेजारी उभी राहून आपली इवली बोटं सूर्यापुढे धरत होती आणि तिच्या हिशेबाने सूर्य अजून खूपच वर होता. वारा गार होता. खालून कुठल्याशा ट्रॅक्टरवरचं गाणं तुटक तुटक येत होतं. मी आयुष्यात कितीतरी माणसांना चांगल्या हॉटेलांत जेवताना बघितलंय, पण इतक्या सुखाने जेवणारं माणूस बघितलेलं नाही.

आबांचं एक बोट उरलं तेव्हा अव्वांनी शेवटचा घास घेतला, उरलेलं पाणी प्यायल्या, हात धुतले आणि सूर्याला नमस्कार केला. या वेळचा नमस्कार वेगळा होता. सूर्य उसात बुडाला. आबांनी हात खाली केला, तेव्हा कुठे ते बाजूच्या धोंड्यावर टेकले, आणि मला दिसलं की ते किती दमले आहेत. वस्तीवरच्या बाईने त्यांनाही जेवायला बसवलं होतं. ते बसले नव्हते.

अव्वा उठल्या. अभिनंदनच्या हातातून त्यांनी पातेलं घेतलं आणि वरचं झाकण काढलं. कांद्या-लसणाचा दुपारचा तो झणका त्या स्वच्छ वाऱ्यात पसरला. मी पुढे झाले, म्हटलं मी वाढते, तुम्ही आज याला हात लावू नका. त्यांनी मला कोपराने बाजूला केलं. आबांसमोर ताट ठेवलं, त्यात चटणीची भाकरी ठेवली आणि पळीने ढवळून तळाचा रस्सा वर काढला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी जेवा आता. लाजू नका. बटाटं तळाला गेल्यात, काढून देते."